एका चाकाखाली दोन चुली

देवबागच्या खाडीत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर होडीतून फेरफटका मारताना आपले लक्ष पाण्याकडे असते, डॉल्फिन दिसतो का याकडे असते, फार तर धाकट्याने हात बाहेर काढला नाही ना, याकडे असते. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या यंत्राकडे कोणी पाहत नाही. होडीवाला उठतो, यंत्राच्या डोक्यातली दोरी एका हिसक्यासरशी ओढतो, यंत्र गुरगुरू लागते आणि होडी निघते. सारे इतके सहज घडते की त्यात विचारण्यासारखे काही आहे, असे मनातही येत नाही.

पण विचारण्यासारखे आहे! पेट्रोल पेटायला ठिणगी हवी. ठिणगी पडायला वीज हवी, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, तर दहा-वीस हजार व्होल्टची. भर समुद्रात विजेचा खांब नाही, तार नाही. लहान यंत्राच्या होडीत पुष्कळदा बॅटरीसुद्धा नसते. मग ही वीज आली कोठून?

ती आली होडीवाल्याच्या दंडातून. दोरीच्या त्या एका हिसक्यातून पहिली ठिणगी जन्माला येते, आणि पुढच्या साऱ्या ठिणग्या यंत्र स्वतःच्या फिरण्यातून निर्माण करते. होडीच्या यंत्रांची दुरुस्ती हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय. यंत्राचे झाकण काढून आतले चाक दाखवले, म्हणजे शहरातले पाहुणे हटकून विचारतात, “एवढेच? यात वीज कोठे आहे?” त्या प्रश्नाचे उत्तर सावकाशीने द्यावे, म्हणून हा लेख. उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे: त्या चाकाखाली दोन चुली आहेत. एकीवर ठिणगी शिजते, दुसरीवर दिव्याची आणि बॅटरीची वीज. छप्पर एक, पण चुली वेगळ्या. ज्या तांडेलाला हे कळले, तो पैशाने आणि प्रसंगी जिवानेही वाचतो.

चुंबक फिरले की वीज

१८३१ साली मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवले की तारेत वीज उत्पन्न होते. चुंबक स्थिर ठेवले तर काही नाही; हलवले तरच. आणि जितके वेगाने हलवावे, तितका विजेचा दाब अधिक. धरणावरचे प्रचंड जनित्र आणि सायकलच्या चाकाला घासणारा चिमुकला डायनामो, दोघांचेही पोट याच एका नियमावर चालते.

आता होडीच्या यंत्राकडे वळू. पेट्रोलच्या यंत्राला एक वजनदार चाक लागतेच. स्फोटाचा धक्का क्षणभराचा असतो. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात यंत्र फिरते ठेवण्याचे काम हे चाक करते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. हे चाक यंत्राच्या अगदी डोक्यावर आडवे बसवलेले असते, पालथ्या घातलेल्या परातीसारखे. कोणा चतुर माणसाच्या मनात आले की, चाक फिरतेच आहे, तर त्याच्या कडेला आतून चुंबक का बसवू नयेत? आणि त्याखाली स्थिर पाटावर तारांची वेटोळी ठेवली, तर? झाले! वेगळे जनित्र नको, पट्टा नको, जास्तीची जागा नको. चुंबक वेटोळ्यांभोवती गरगरतात आणि वेटोळ्यांत वीज उसळते. या स्थिर पाटाला कारागिरांच्या बोलीत स्टेटर म्हणतात.

ज्यांनी जुनी बजाज स्कूटर चालवली आहे, त्यांना हे लगेच पटेल. चौकात स्कूटर थांबवली की पुढचा दिवा मंद होई आणि ॲक्सिलरेटर पिळला की झळाळून उठे. तिथेही तेच चाक, तेच चुंबक. चाक मंदावले की वीज मंदावली.

आइस्क्रीम वितळले, त्याची गोष्ट

होडीमागे टांगायचे यंत्र घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड या माणसाकडे जाते. जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत आला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. विस्कॉन्सिनमधल्या ओकॉची सरोवराच्या काठी मंडळी सहलीला गेली होती. बेस नावाच्या त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम खाण्याची लहर आली. स्वारी उन्हातान्हात होडी वल्हवत पलीकडच्या तीरावर गेली, पण परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले होते. त्या वल्हवण्यातून त्याच्या मनात होडीला यंत्र लावण्याचा विचार पक्का झाला म्हणतात. गोष्ट सांगताना थोडी रंगलीही असेल. पण १९०९ साली त्याने आपली यंत्रे विकायला आणली आणि बेस, आता त्याची पत्नी, धंद्याची पत्रे आणि जाहिराती सांभाळू लागली, हे मात्र खरे. त्या नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले.

अशा यंत्रांना आरंभी ठिणगीसाठी कोरड्या घटांची बॅटरी बरोबर न्यावी लागे. होडीत पाणी उडायचे, घट भिजायचे आणि माणूस मध्येच वल्ही शोधत बसायचा. दरम्यान जर्मनीत श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली, बॅटरीशिवाय थेट उंच दाबाची ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सिद्ध केला होता. मॅग्नेटो म्हणजे चुंबकावर चालणारे ठिणगीचे जनित्र. पुढे हा मॅग्नेटो होडीच्या यंत्राच्या चाकाखालीच येऊन बसला आणि कोरड्या घटांचे लोढणे सुटले.

पहिली चूल: ठिणगीची

ठिणगी पाडणे हे वाटते तितके सोपे काम नाही. प्लगच्या दोन टोकांमधली फट एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. परंतु त्या फटीत दाबलेली हवा आणि पेट्रोलची वाफ कोंबलेली असते. तिच्यातून उडी मारायला विजेला हजारो व्होल्टचा जोर लागतो. शिवाय वेळ साधावी लागते. लहान यंत्रे बहुधा दोन फटक्यांची, म्हणजे टू-स्ट्रोक, असत. त्यांत चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरात एक ठिणगी. मिनिटाला ५,००० फेरे धरले तर सेकंदाला ८३ ठिणग्या! आणि त्या वेगाला चाकाचा एक अंश फिरायला लागतो सेकंदाचा तीस हजारावा भाग. ठिणगी चार-सहा अंश इकडे-तिकडे झाली, तरी यंत्राचा जोर घटतो किंवा ते ठोके देऊ लागते.

जुन्या मॅग्नेटोत हे काम तीन सोबती मिळून करीत. पहिले, दुहेरी वेटोळे: आत जाड तारेचे थोडे वेढे आणि वर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. दुसरे, पॉइंट: चाकाबरोबर फिरणाऱ्या उंचवट्याने उघडमीट होणारी धातूची दोन टोके. तिसरा, कंडेन्सर: विजेचा लोंढा क्षणभर पोटात घेणारी बोटभर डबी.

चुंबक जवळून गेले की जाड तारेत वीज खेळू लागते. पॉइंट मिटलेले असल्यामुळे तिला फिरायला वाट असते. ती ऐन भरात आली की पॉइंट झटकन उघडतात आणि वाट तुटते. चाळीतल्या जुन्या नळाची तोटी भसकन बंद केली की भिंतीतल्या नळ्या कशा धाडकन वाजतात! वाहते पाणी एकाएकी अडवले की त्याचा दाब उसळतो. विजेचेही तसेच. जाड तारेतला प्रवाह अचानक तुटला की त्याने उभे केलेले चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि त्या कोसळण्यातून वरच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्ट उसळतात. तीच प्लगवरची ठिणगी. कंडेन्सर नसता, तर उघडणाऱ्या पॉइंटवरच वीज जळत राहिली असती. प्रवाह झटक्याने न तुटता रेंगाळत तुटला असता आणि ठिणगी मरतुकडी झाली असती.

दोरी हिसक्यानेच का ओढायची, तेही यावरून ध्यानात येईल. हळूहळू ओढणाऱ्याने दिवसभर ओढावी. चुंबक मंद फिरले तर ठिणगीपुरता जोरच येत नाही. अनुभवी होडीवाला आधी दोरी सावकाश ताणतो, विरोध लागला की थांबतो, आणि मग एकच झटका देतो.

रांजण आणि बूच

पॉइंटचा हा संसार अनेक वर्षे चालला, पण खाऱ्या हवेत त्याचे फार हाल. टोके काळवंडत, झिजत. अर्ध्या मिलिमीटरची फट पुन्हा पुन्हा मोजून बसवावी लागे. १९६० नंतरच्या दशकात मोठ्या यंत्रांत एक नवी रीत आली आणि हळूहळू ती लहान यंत्रांतही रुजली. तिला कारागीर सीडीआय म्हणतात. तिच्यात घासणारे, झिजणारे असे काही नाही.

तिची तऱ्हा रांजणासारखी आहे. चाकाखालचे बारीक तारेचे एक वेटोळे दोन-तीनशे व्होल्टची वीज बनवते. ही वीज एका डायोडमधून, म्हणजे एकाच दिशेला उघडणाऱ्या दारातून, एका कपॅसिटरमध्ये साठते. हा झाला रांजण. रांजणाला खाली बूच आहे. त्याचे नाव थायरिस्टर. चाकाखालचे दुसरे एक चिमुकले वेटोळे नेमक्या क्षणी दोन-चार व्होल्टचा इशारा देते. इशारा मिळाला की बूच उडते आणि सगळा रांजण एका दमात ठिणगीच्या कॉइलमध्ये रिता होतो. तिथून प्लगला मिळतात वीस-तीस हजार व्होल्ट. फेरा पुरा व्हायच्या आत रांजण पुन्हा भरलेला!

या रीतीचा मोठा फायदा म्हणजे दाब अतिशय झपाट्याने चढतो. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि प्लगवर काजळी धरते. दाब सावकाश चढला तर वीज त्या काजळीवरून चोरवाटेने निसटते आणि फटीत ठिणगी पडत नाही. सीडीआयचा दाब इतक्या लवकर येतो की गळती व्हायला अवसरच मिळत नाही. केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी वर्षानुवर्षे पेट्रोलवर यंत्र सुरू करून मग ते रॉकेलवर चालवले. रॉकेलची काजळी तर आणखी दाट. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे महापूर आला, तेव्हा याच मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर घालून आत आणल्या आणि हजारो माणसे छपरांवरून उतरवली. त्या होड्यांच्या यंत्रांतही दर फेऱ्याला ठिणगी वेळेवर पडत होती, म्हणूनच ते साधले.

बंद करण्याची उलटी रीत

घरातला दिवा मालवायचा तर आपण बटणाने वाट तोडतो. होडीच्या यंत्राचे अगदी उलट. इथे ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही, तेव्हा बॅटरीची वाट तोडून यंत्र थांबणार कसे? म्हणून थांबवण्याचे बटण वाट तोडत नाही, जोडते. ठिणगीसाठी बनलेली वीज ते यंत्राच्या लोखंडी-ॲल्युमिनियमच्या अंगात, म्हणजे अर्थमध्ये, सोडून देते. रांजण भरतच नाही आणि यंत्र मुकाट्याने थांबते.

याच बटणाला एक लाल गुंडाळीदार दोरी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक चालवणाऱ्याने मनगटाला किंवा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे. तो पाण्यात फेकला गेला तर दोरीबरोबर खिटी निघते, आतले टोक अर्थला टेकते आणि यंत्र बंद पडते. ती दोरी नसेल तर? सुकाणू मोकळे सुटले की होडी बहुधा एका बाजूला वळून गोल गोल फिरू लागते, आणि पाण्यातल्या माणसाकडेच पंखा फिरवत परत येते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या वेगवान यांत्रिक होड्यांवर ही दोरी किंवा तिची बिनतारी बहीण वापरणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे मात्र ती पुष्कळदा यंत्राच्या मुठीलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. पाहुणे हसतील म्हणून असेल, किंवा हात अडकतो म्हणून असेल. पण देवघरातल्या समईइतके तिला जपावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी चूल: दिव्याची आणि बॅटरीची

आता चाकाखालच्या दुसऱ्या चुलीकडे येऊ. ठिणगीच्या वेटोळ्यांशेजारीच जाड तारेची निराळी वेटोळी असतात. त्यांना दाब थोडा, पण प्रवाह मोठा हवा असतो. यांतून निघणारी वीज सारखी दिशा बदलते. चुंबकाचे एक टोक गेले की इकडे, दुसरे गेले की तिकडे. साध्या बल्बला त्याचे काही वाटत नाही. पण बॅटरीला अशी डळमळीत वीज चालत नाही. तिला एकाच दिशेने भरावे लागते.

म्हणून मध्ये रेक्टिफायर बसतो. त्यात डायोडची एकदिशा दारे अशी मांडलेली असतात की वीज कोणत्याही बाजूने आली, तरी बाहेर पडताना एकाच दिशेने पडते. त्यापुढचा रखवालदार म्हणजे रेग्युलेटर. यंत्र भरधाव असताना ही वेटोळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाब देऊ पाहतात. रेग्युलेटर तो साडेचौदा व्होल्टच्या आसपास रोखून धरतो. हा रोखण्याचा प्रकार बऱ्याच यंत्रांत जादा वीज वेटोळ्यातच परत फिरवण्याचा असतो. त्यात उष्णता फार. म्हणून रेग्युलेटरला गार ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, मोठ्या यंत्रांत तर त्याला पाण्याने गार करतात.

इथे दोन पथ्ये आहेत. यंत्र चालू असताना बॅटरीची तार कधी काढू नये. बॅटरी ही विजेची उशी आहे; ती काढली की दाब उसळून डायोड किंवा रेग्युलेटर जळण्याचा धोका. आणि बॅटरी जोडताना तारांची अदलाबदल होऊ देऊ नये. उलट जोडली की रेक्टिफायर निमिषात जातो.

भरलेली, स्वस्थ पडलेली बारा व्होल्टची बॅटरी साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट दाखवते. यंत्र मध्यम वेगात चालू करून तिच्या टोकांवर मोजावे. आकडा चढून चौदाच्या घरात गेला, तर दुसरी चूल पेटलेली आहे. तिथेच राहिला, तर विझलेली आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या मीटरने घरबसल्या करता येणारी ही परीक्षा. ज्यांच्या यंत्राला फेरे दाखवणारा काटा आहे, त्यांना आणखी एक खूण मिळते: पुष्कळ यंत्रांत हा काटा या भरणीच्या वेटोळ्यांच्या ठोक्यांवरच चालतो. यंत्र उत्तम चालले आहे पण काटा मेला, तर समजावे, दुसऱ्या चुलीत काहीतरी बिघडले.

ही चूल विझली तर यंत्र थांबत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण रात्री होडीवरचा पांढरा दिवा तिच्यावर जगतो. बिनदिव्याची होडी मोठ्या ट्रॉलरला दिसत नाही, आणि दिसली तरी फार उशिरा दिसते.

नवी बॅटरी आणि जुना आजार

दोन चुलींचे ज्ञान नसले की काय होते, त्याचा एक नमुना सांगतो. एक तरुण तांडेल यंत्र घेऊन माझ्याकडे आला. दोन सिलिंडरचे यंत्र. बटणानेही सुरू व्हायचे आणि दोरीनेही. चेहरा उतरलेला.

“काका, बॅटरी नवी घातलंय, तरी इंजिन धरणा नाय,” तो म्हणाला.

“बटण दाबल्यावर चाक फिरते?”

“फिरता. जोरात फिरता. पण धरणा नाय.”

ही त्याची दुसरी नवी बॅटरी होती. पहिली दुकानदाराने दिली, ती बदलून त्याने दुसरी, आणखी मोठी दिली. मधल्या काळात एका संध्याकाळी यंत्र बंद पडले, तेव्हा तो आणि त्याचा भाऊ नांगर टाकून रात्रभर लाटांवर बसून होते. पहाटे दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. घरी म्हाताऱ्या आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

बॅटरीचा या आजाराशी काही संबंधच नव्हता! बॅटरीने चाक फिरवायचे. ठिणगी चाकाने पाडायची. चाक जोरात फिरते आहे, तेव्हा बॅटरीने आपले काम केलेच होते. मी प्लग काढून, सिलिंडरच्या भोकापासून लांब, यंत्राच्या अंगाला टेकवला आणि चाक फिरवायला सांगितले. ठिणगी नाही. दुसऱ्या प्लगवरही नाही. दोन्ही एकदम गेल्या, म्हणजे दोघींमध्ये समाईक असलेले काही तरी. समाईकातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी तपासायचे म्हणजे थांबवण्याच्या बटणाची तार. ती सोडवली आणि पुन्हा चाक फिरवले. टक्, टक्, निळ्याशार ठिणग्या! मुठीच्या सांध्यापाशी ती तार घासून उघडी पडली होती. खारे पाणी साचले की ती अर्थला टेके, आणि यंत्राला वाटे की मालकाने बंद करायचे बटण दाबले आहे. वीतभर तार बदलली. खर्च चहापाण्याइतका.

“मगे ही बॅटरी?” त्याने विचारले.

“ठेव. रात्री दिव्याला होईल.”

तो हसला, पण मोठ्याने नाही. दोन बॅटऱ्यांचे पैसे त्याने मासळीच्या हिशेबातून काढले होते.

खारे वारे आणि इतर शत्रू

ठिणगीच्या चुलीला आणखीही शत्रू आहेत. पहिला, मीठ. जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली की वीज अडते. म्हणून जोड कोरडे, घट्ट आणि ग्रीस लावलेले हवेत. दुसरा, उष्णता. स्टेटरची आणि कॉइलची वेटोळी राळेत बुडवलेली असतात. वर्षे गेली की राळेला बारीक तडे जातात. मग यंत्र गार असताना गोड चालते, वीस मिनिटांनी तापले की तडे फाकतात, वीज निसटते आणि यंत्र थांबते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू! अशा यंत्राला घरी तपासले तर ते नेहमी निर्दोष ठरते. त्याची परीक्षा तापल्यावरच घ्यायला हवी.

तिसरा शत्रू खडक. चाक दांड्यावर नेमक्या जागी बसावे म्हणून मध्ये बोटाच्या पेराएवढी एक अर्धचंद्राकृती चावी असते. पंखा खडकावर आपटला की कधी ती कापली जाते आणि चाक किंचित सरकते. ठिणगी पडते, जोरकस पडते, पण अवेळी! नवा प्लग, नवी कॉइल, काही घाला; गुण येत नाही, कारण आजार जागेचा आहे, विजेचा नाही.

आणि एक इशारा: ठिणगी तपासताना तार हातात धरू नये. सीडीआयचा झटका खेळ नव्हे. आसपास पेट्रोलची वाफ असेल तर तपासूच नये.

पुन्हा एकत्र कुटुंब

इतके सांगून झाल्यावर वाचक म्हणतील, दोन चुलींची ही व्यवस्था इतकी चांगली, तर ती तशीच चालू आहे ना? लहान यंत्रांत पुष्कळशी आहे. पंख्याच्या छोट्या विमानांतही ठिणगीसाठी अजून बॅटरीवेगळे मॅग्नेटो असतात, आणि तेही एकाच्या जागी दोन. परंतु होडीची मोठी, चार फटक्यांची नवी यंत्रे वेगळ्या वाटेने गेली आहेत. त्यांत पेट्रोल मोजून फवारणारी तोंडे आहेत, पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप आहे, आणि ठिणगी केव्हा पाडायची ते ठरवणारा छोटा संगणक आहे. ही सारी मंडळी एकाच बॅटरीच्या ताटात जेवतात. चाकाखालची वेटोळी आता मुख्यतः ती बॅटरी भरत ठेवण्यासाठी. दोन चुली मोडून पुन्हा एकत्र कुटुंब झाले.

त्याचे फायदे खरे आहेत. पेट्रोल कमी लागते, धूर कमी होतो, पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, यंत्र मांजरासारखे चालते. पण एकत्र कुटुंबात कर्ता आजारी पडला की सगळे घर बसते. बॅटरी मेली, तर अशा बहुतेक यंत्रांत दंडाचा जोर आणि दोरी कामाला येत नाहीत. जुन्या यंत्राच्या तांडेलाला रेडिओ आणि दिवा पहाटेपर्यंत लावून ठेवण्याची मुभा होती. बॅटरी संपली तर अंधारात, पण घरी येता येई. नव्या यंत्राच्या तांडेलाने तसे केले तर तो तिथेच राहील.

म्हणून जाणती माणसे एक युक्ती करतात. होडीत दोन बॅटऱ्या ठेवतात: एक फक्त यंत्रासाठी, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, दुसरी दिवे, रेडिओ, मासे दाखवणारे यंत्र यांच्यासाठी. मध्ये एक स्विच असतो. तो वळवला की अडीअडचणीला एक दुसरीच्या मदतीला येते, एरवी दोघी आपापल्या घरात. नवे यंत्र घेणाऱ्याला मी हाच सल्ला देतो, आणि बॅटरीवर पैसे वाचवू नका असे सांगतो. यंत्र बनवणाऱ्यांनी चुली एकत्र केल्या. समुद्रावर पोट असणाऱ्यांनी त्या पुन्हा वेगळ्या मांडल्या.